गणितात पदवी: नागपुरात बीएस्सी की बंगळुरूला बी. मॅथ?

बारावीनंतर गणितच घ्यायचं ठरलं, तर घरी पहिला प्रश्न येतो, 'इंजिनिअरिंग का नाही?' तो एकदाचा मिटला की खरी निवड सुरू होते.

नागपुरात शासकीय विज्ञान संस्था आहे, १८८३पासूनचं हिस्लॉप कॉलेज आहे. खर्च कमी, घरचा डबा. नव्या शैक्षणिक धोरणात गणित मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेऊन चौथं वर्ष ऑनर्सचं करता येतं. अडचण वेगळीच आहे. ठरावीक प्रश्न पाठ करून पास होता येतं, आणि बरेच जण तेवढंच करतात.

बंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी. मॅथ, म्हणजे गणिताची पदवी, करताना तसं चालत नाही. प्रवेशपरीक्षेतच एक पेपर पर्यायांचा आणि दुसरा लेखी उत्तरांचा. उत्तर बरोबर आलं एवढ्यावर भागत नाही, ते का बरोबर हे लिहून दाखवावं लागतं. जेईईचा वेग तिथे फारसा कामी येत नाही. आत गेल्यावर पहिल्या दिवसापासून सिद्धता (विधान खरं का, हे तर्कानं दाखवणं), सोबतीला तितकीच वेडी मुलं, वर विद्यावेतन. जागा मात्र मोजक्याच.

माझा कल बंगळुरूकडे. पण नंबर नाही लागला तर वर्ष वाया घालवू नये. नागपुरात राहून पदवीच्या मुलांसाठीची माधव गणित स्पर्धा द्यावी, उन्हाळ्यात एमटीटीएस या गणित प्रशिक्षण कार्यक्रमाच्या शिबिराला अर्ज करावा, सिद्धता स्वतः लिहून सरांना दाखवाव्यात. पुढे जॅम ही एमएस्सीची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. बंगळुरूची परीक्षा साधारण मे महिन्यात असते, म्हणून तिची तयारी अकरावीतच सुरू केलेली बरी.