ओंडानसेट्रॉन : एकाच रिसेप्टरपुरती गोळी

केमोथेरपीच्या उलट्यांसाठी दिली जाणारी ओंडानसेट्रॉनची ८ मिलिग्रॅमची, जिभेवर विरघळणारी गोळी आईच्या उपचारांच्या काळात आमच्या घरी कायम असे, आणि औषधशास्त्र शिकवणे हा व्यवसाय असल्याने मी तिच्याकडे जरा जास्तच बारकाईने पाहिले.

ही गोळी सेरोटोनिन या रासायनिक संदेशवाहकाचा एक मार्ग अडवते. सेरोटोनिन म्हटले की लोकांना नैराश्य आठवते. प्रत्यक्षात शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गात असते. सिस्प्लॅटिनसारख्या केमोथेरपीच्या औषधाने आतड्याच्या अस्तरातील एन्टेरोक्रोमाफिन पेशींना इजा झाली की त्या सेरोटोनिन सोडतात, ते व्हेगस नर्व्हच्या (पोटातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेतेच्या) टोकांवरील ५-एचटी३ रिसेप्टरवर, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनावर, बसते आणि मेंदूतील उलटीच्या यंत्रणेकडे संदेश जातो. सेरोटोनिनच्या रिसेप्टरांची सात कुळे मानली जातात. त्यांपैकी सहा जी-प्रोटीन या मध्यस्थ प्रथिनामार्फत पेशीच्या आत रासायनिक साखळी सुरू करतात. ५-एचटी३ मात्र पाच घटक-प्रथिनांची आयन वाहिनी, म्हणजे विद्युतभारित कणांची वाट आहे, जी सेरोटोनिन बसताच उघडते आणि सोडियम, कॅल्शियमचे आयन आत घेऊन मिलिसेकंदांत चेतापेशीला उद्दीपित करते. ओंडानसेट्रॉन नेमकी हीच जागा अडवते. डोपामिन या दुसऱ्या संदेशवाहकाच्या वाटेला ते जात नसल्यामुळे, डोपामिन अडवणाऱ्या मेटोक्लोप्रमाइड या उलट्यांवरील औषधाने काहींना जो अस्वस्थपणा येतो किंवा मान आखडते, तो प्रकार इथे सहसा होत नाही.

गोळीची घडण उत्तम आहे. पाकिटाची फॉइल सोलून, कोरड्या हाताने ती उचलावी लागते; मागून दाबून काढायला गेल्यास तिचा भुगा होतो. जिभेवर ती क्षणात विरघळते, पाण्याचा घोट लागत नाही, आणि पाण्याच्या वासानेही ढवळून येणाऱ्या रुग्णासाठी ही सोय फार मोठी आहे. औषध रक्तात जाते ते मात्र तोंडातून नव्हे, लाळेबरोबर गिळल्यावर आतड्यातून. त्यामुळे इंजेक्शनसारख्या तातडीच्या परिणामाची अपेक्षा ठेवू नये.

पहिल्या २४ तासांतील उलट्यांवर तिचा गुण चांगला येतो. त्यानंतरच्या मळमळीत सब्स्टन्स-पी हा वेगळा संदेशवाहक आणि त्याचा एनके१ रिसेप्टर यांचा वाटा मोठा असल्याने ही गोळी एकटी अपुरी पडते, आणि म्हणूनच डॉक्टर जोडीला एनके१ अडवणारे अॅप्रेपिटंट व डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. आतड्याच्या हालचालीलाही ५-एचटी३ लागतो, म्हणून बद्धकोष्ठ होऊ शकते, डोकेही दुखू शकते. ईसीजीतील क्यूटी अंतर (हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातील विद्युत क्रियेचा कालावधी) वाढण्याचा, म्हणजे ठोके बिघडण्याचा, धोका अधिक गंभीर आहे: शिरेतून एकदम ३२ मिलिग्रॅम देण्याची पद्धत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये याच कारणाने थांबवायला सांगितली. हृदयाचा त्रास असलेल्यांनी किंवा क्यूटी वाढवणारी इतर औषधे घेणाऱ्यांनी ती परस्पर घेऊ नये.

एका मेडिकलमध्ये हीच गोळी घाटातल्या प्रवासासाठी सर्रास हातावर ठेवली जाताना पाहिली. गाडी लागण्याचा मार्ग आतल्या कानातून, मुख्यतः हिस्टामिन आणि अॅसिटिलकोलिनच्या रिसेप्टरांमधून जातो. तिथे ओंडानसेट्रॉनचा फारसा उपयोग नाही. केमोसाठी पाचपैकी साडेचार तारे, आंबेनळी घाटासाठी शून्य.