ट्रूनॅट: सोलापुरातल्या छोट्या लॅबनं घ्यावं का?

आधीच सांगतो, यंत्र घेण्यासारखं आहे. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं हे ट्रूनॅट क्षयरोगाचे जंतू त्यांच्या डीएनएवरून ओळखतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये त्याची शिफारस केली. बॅटरीवर चालतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तपासणी वाया जात नाही. किट मात्र 2 ते 30 अंशांतच ठेवायची असतात. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ती बाहेर ठेवून चालणार नाही. फ्रीज हवाच, आणि चिपचं, म्हणजे नमुना घालायच्या एकदाच वापरायच्या पट्टीचं, पाकीट ऐनवेळीच फोडायचं.

सगळा खेळ बेडक्याचा आहे. यंत्रमागावरचा कामगार किंवा विडी वळणारी बाई महिनोन्‌महिने खोकत असते, धुळीचा, तंबाखूचा खोकला म्हणून अंगावर काढते. तपासणीला आली की डबीत थुंकी देऊन जाते. थुंकीतून निगेटिव्ह रिपोर्ट आला तर दोष यंत्राचा नाही. चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडका निदान 2 मिली तरी हवा. सकाळी उठल्याबरोबरचा सर्वांत चांगला. सोलापूरच्या पूर्व भागात हे तेलुगूतूनही सांगावं लागतं, तिथे दोन मिनिटं जास्त द्या.

पुढचं काम हाताचं आहे. बेडक्यात पातळ करणाऱ्या द्रावणाचे 2 थेंब टाकून हलवा, 10 मिनिटं थांबा. तरीही तार धरत असेल तर आणखी 5 मिनिटं. त्यातला अर्धा मिली लायसिस बफरच्या (जंतू फोडणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत घ्या, त्यात पुन्हा 2 थेंब, 3 मिनिटं. मग ट्रूप्रेप या जोडयंत्रात साधारण 20 मिनिटांत डीएनए वेगळा होतो. त्यातले 6 मायक्रोलिटर छोट्या नळीतल्या कोरड्या रसायनावर सोडायचे. इथेच नवशिक्यांचा हात घाई करतो. नळी हलवायची नाही, टिचकी मारायची नाही. अर्धा ते एक मिनिट थांबलं की द्रावण आपोआप नितळ होतं. मग तेच 6 मायक्रोलिटर चिपच्या खळग्यात, पिपेटचं टोक न घासता, न सांडता. चिप वाचणाऱ्या ट्रूलॅब यंत्रावर निकालाला आणखी 35 ते 40 मिनिटं.

पॉझिटिव्ह आल्यास, रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का हे पाहायला उरलेल्या डीएनएवर वेगळी चिप लावावी लागते, त्यात आणखी तासभर जातो. सीबीनॅट हे दुसरं यंत्र एकाच कार्ट्रिजमध्ये दोन्ही सांगतं आणि त्यात पिपेटचं काम जवळपास नसतंच. ट्रूनॅट तिथे कमी पडतं. जंतू फार थोडे असतील तर रिफाम्पिसिनचा निकाल अनिश्चित येतो, अशा वेळी नवा नमुना मागवा. आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधाला जंतू दाद देतो की नाही, हे या दोन चिप सांगत नाहीत. त्यासाठी नमुना एलपीए (लाइन प्रोब अॅसे) या वेगळ्या चाचणीला पाठवायला हवा.

डॉक्टरांनी दोन गोष्टी जपाव्यात. गोळ्या सुरू झाल्यावर बरं वाटतंय का हे पाहायला ट्रूनॅट मागवू नका. मेलेल्या जंतूंचा डीएनएही पॉझिटिव्ह दाखवतो. तिथे सूक्ष्मदर्शकाखालची जुनी तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) हेच खरं. दुसरं, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात आणि ट्रूनॅट निगेटिव्ह येतं, तेव्हा यंत्राला नावं ठेवण्याआधी नमुना पुन्हा तपासा. तरीही तसंच आलं तर क्षयाच्या जंतूचे भाऊबंद, म्हणजे एनटीएम, असू शकतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनची किंवा इंजेक्शनची जखम आठवडेच्या आठवडे वाहत राहिली तर हाच संशय घ्या आणि पू कल्चरला पाठवा. यातल्या काही जातींवर क्षयाच्या नेहमीच्या गोळ्या चालतच नाहीत, रुग्ण सहा महिने फुकट औषध खात बसतो.

दिवसाला दोन-चार नमुने असतील तर ट्रूलॅबचं एका चिपचं युनो मॉडेल पुरेल. जास्त असतील तर दोन चिपचं ड्युओ किंवा चार चिपचं क्वाट्रो घ्या. वापरलेली चिप, नळी, टिप 0.5 टक्के ताज्या हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) 30 मिनिटं बुडवूनच टाका. आणि पॉझिटिव्ह रुग्णाची निक्षय या सरकारी क्षयरोग पोर्टलवर नोंद त्याच दिवशी करा. खासगी डॉक्टरांनाही ती 2012 पासून बंधनकारक आहे, आणि आहारासाठीचे महिन्याचे 1000 रुपये त्या नोंदीवरच मिळतात.