एडी कोव्हेरियन्स की सिंटिलोमीटर? शहरातला हीट फ्लक्स मोजायला काय घ्यावं

हीट फ्लक्स म्हणजे दर चौरस मीटरमागे दर सेकंदाला शहराच्या पृष्ठभाग आणि हवा यांच्यात जाणारी-येणारी उष्णता, आणि ती मोजायच्या या दोन पद्धती. बजेट एकाच सिस्टिमचं असेल तर माझं मत सरळ आहे, आधी एडी कोव्हेरियन्स घ्या.

कारण तिथे फ्लक्स थेट हातात येतो. मास्टवर, म्हणजे उंच खांबावर, बसवलेला सोनिक ॲनिमोमीटर (ध्वनिलहरींनी वारा मोजणारं यंत्र) सेकंदाला १०-२० वेळा वाऱ्याचा उभा वेग आणि तापमान टिपतो, दोन्हींचे चढउतार एकमेकांबरोबर कसे चालतात त्यावरून अर्ध्या तासाची सेन्सिबल हीट (हवा तापवणारी उष्णता) निघते, आणि बाजूला गॅस ॲनालायझर लावला की बाष्प आणि सीओटूचे फ्लक्सही मिळतात. उष्णता वर जातेय की खाली येतेय हेही कळतं, रात्रीच्या डेटाला हे फार महत्त्वाचं.

सिंटिलोमीटरमध्ये एका गच्चीवरून इन्फ्रारेड बीम सोडायचा आणि काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या इमारतीवर पकडायचा. तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरते ना, तीच थरथर बीममध्ये मोजली जाते. पण ती फक्त थरथर झाली, फ्लक्स काढायला वाऱ्याचा वेग लागतो, बीमची नेमकी उंची लागते, इमारतींचा खडबडीतपणा धरावा लागतो आणि वर मोनिन-ओबुखोव्ह सिमिलॅरिटी (जमिनीलगतच्या हवेतली थरथर आणि फ्लक्स यांचं नातं सांगणारा सिद्धांत) शहरावर लागू होते असं मानावं लागतं. उष्णता वर जातेय की खाली ही दिशा तर कळतच नाही, ती दुसऱ्या डेटावरून ठरवायची. बाष्पासाठी वेगळा मायक्रोवेव्ह सिंटिलोमीटर लागतो.

मग तो घ्यायचाच कशाला? तर एरियासाठी. इंग्लंडमधल्या स्विंडनला २०११ पासून दोन्ही चालवून बघितलेत, मास्ट साडेबारा मीटरचा आणि बीम साडेपाच किलोमीटरचा. मास्टला दिसतो आसपासचा काही शे मीटरचा तुकडा, वारा फिरला की घरांऐवजी बाग मोजली जाते आणि आकडा बदलतो. बीम मात्र अख्ख्या वस्त्यांची सरासरी देतो, त्यामुळे सॅटेलाइट किंवा मॉडेलच्या ग्रिडशी तुलना करायची असेल तर तोच बरा, आणि सरासरी जागेवर होत असल्याने १० मिनिटांचा आकडासुद्धा स्थिर येतो.

मास्टची खरी कटकट जागेची आहे. सेन्सर इमारतींच्या सरासरी उंचीच्या दुप्पट तरी वर हवा, नाहीतर खालच्या भिंतींचा गोंधळच मोजत बसाल. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या २००१-०२ च्या बबल (BUBBLE) या शहरी हवामान मोजणीच्या मोहिमेत साधारण १५ मीटरच्या इमारतींमध्ये ३२ मीटरचा टॉवर उभारला होता. असा टॉवर दाट वस्तीत उभारायची परवानगी मिळणार नसेल तर दोन गच्च्या मिळवणं सोपं.

भिंती-रस्त्यांत साठलेली उष्णता मात्र दोन्हीत थेट मिळत नाही, ती नेट रेडिएशनमधून (येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या किरणोत्सर्गाच्या फरकातून) बाकीचे फ्लक्स वजा करून काढतात आणि सगळ्या चुका तिथेच जमा होतात, म्हणून नेट रेडिओमीटरवर काटकसर करू नका.

मुंबई-पुण्यात करणार असाल तर पावसाळ्यात ओपन-पाथ ॲनालायझर (उघड्या हवेतच मोजणारा) आणि बीम दोन्ही अंध होतात. जून ते सप्टेंबरचा डेटा हवाच असेल तर क्लोज्ड-पाथ ॲनालायझरचं (हवा नळीतून आत ओढून मोजणाऱ्याचं) कोटेशन मागवा.