पहिल्यांदाच डुकरं पाळताय: चार पिल्लं आणावीत की गाभण मादी?

गाभण मादी आणली की आठ-दहा पिल्लं घरचीच, हा हिशोब कागदावर गोड दिसतो. तरीही पहिल्या वर्षी दूध तुटलेली चार पिल्लंच आणा, असं आम्ही सांगू.

दोन महिन्यांचं, १०-१२ किलोचं पिल्लू सहा-सात महिन्यांत ८० किलोच्या आसपास जातं. गोव्यात किंवा सिंधुदुर्गात नाताळाचं गिऱ्हाईक धरायचं तर खरेदी मे-जूनमध्येच व्हायला हवी. चारही एकाच वेताची घ्या, म्हणजे मारामाऱ्या कमी होतात. नर खच्ची केलेलेच घ्या, नाहीतर मांसाला उग्र वास येतो. स्वाइन फीवरची लस कधी टोचली, तेही विचारा.

पैसा जातो तो खुराकात. एक किलो वजन वाढायला साधारण साडेतीन किलो खुराक लागतो, म्हणजे चौघांना मिळून जवळपास एक टन. हॉटेलचं खरकटं स्वस्त पडतं, पण अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय घालू नका. २०२० मध्ये भारतात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीवर (वर लसीचं सांगितलं त्या स्वाइन फीवरहून वेगळा रोग) कच्च्या खरकट्यातल्या मांसातूनही येतो आणि गोठाच्या गोठा रिकामा करतो. खारट खरकटं आणि प्यायला पाणी कमी, असं झालं तर मीठबाधा होऊन झटके येतात. पाणी दिवसभर समोर हवं.

मादीचं गणित वेगळं. गाभणकाळ ११४ दिवस, वर दूध तोडायला सहा ते आठ आठवडे. नुकतीच फळलेली मादी घेतलीत तर पिल्लं विकायला साडेपाच महिने जातात, आणि खरी कसोटी व्यायल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत असते. मादी भिंतीला टेकून धपकन बसते आणि मधे सापडलेलं पिल्लू चेंगरतं. म्हणून विण्याच्या खोलीत भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वीतभर उंच लोखंडी पाइप फिरवतात, पिल्लाला त्याखाली निसटता येतं. कोपऱ्यात बल्बची ऊब लागते, पहिल्या दिवसांत ३२-३५ अंश. मादीच्या दुधात लोह कमी आणि सिमेंटच्या फरशीवर माती मिळत नाही. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन चुकलं तर दोन-तीन आठवड्यांत पिल्लांचे कान पांढरेफटक पडतात, धाप लागते.

शिवाय पुढच्या वेताचं पाहायचं तर गाभण नसलेली मादी दर २१ दिवसांनी माजावर येते. माज ओळखता आला नाही, किंवा जवळपास नर वा कृत्रिम रेतनाची सोय नसली, तर तीन आठवड्यांचा खुराक वाया.

रात्री उठून विण पाहणारं माणूस घरात असेल आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असेल, तर मादी जरूर घ्या. नसेल तर चार पिल्लांत दोन माद्या असू द्या. त्यातली चांगली वाढलेली, निदान बारा सड असलेली मादी विकू नका, पुढे विणीसाठी ठेवा.