टर्नटेबल घेतल्यावर आवडत्या अल्बमची यादीच बदलली

गेल्या उन्हाळ्यात रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल घेतलं. मध्ये नाशिकचा पावसाळा गेला, थंडी गेली, आता लिहायला हरकत नाही. मशीन अगदी साधं आहे: बेल्टवर फिरणारं, मिनिटाला ३३⅓ आणि ४५ फेरे असे दोनच वेग, आत फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारा), बटण दाबलं की आर्म, म्हणजे सुईचा दांडा, आपोआप रेकॉर्डवर जाऊन बसतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतली मशिनं आतून बरीचशी सारखीच असतात, आणि मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात: फोनपेक्षा आवाज चांगला येतो का? स्वच्छ आवाज हवा असेल तर नाही. खरखर आहे, टकटक आहे, जुन्या रेकॉर्डवर चरे आहेत. फरक पडला तो ऐकण्याच्या मापात. एलपीची, म्हणजे ३३⅓ वेगाच्या मोठ्या रेकॉर्डची, एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. तेवढ्या वेळात उठावंसं वाटत नाही, मधलं काही गाळता येत नाही. त्यामुळे झालं असं, की त्या वीस मिनिटांसाठी बेतलेलं गाणं माझ्या यादीत वर सरकलं आणि मैफलीतून कापून आणलेलं खाली गेलं.

सगळ्यात वर गेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. १९६७ ची ही रेकॉर्ड फोनवर मी किती वर्षं पार्श्वसंगीतासारखी वापरत होतो. खरं तर तिला गोष्ट आहे, काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस. पहिल्या बाजूवर अहिर भैरव, नट भैरव आणि पिलू. रेकॉर्ड पालटली की भूप, देस, पहाडी. म्हणजे उजाडणं आणि दुपार एका अंगाला, संध्याकाळ आणि रात्र दुसऱ्या अंगाला. मधे उठून तबकडी उलटी करणं हा त्या दिवसाचाच भाग वाटतो. एचएमव्हीत ती जी. एन. जोशींच्या देखरेखीखाली झाली. ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे तेच जोशी. तीन मिनिटांच्या तबकडीत काय मावतं हे ज्याला गळ्याने माहीत, त्याला वीस मिनिटांचं काय करायचं तेही कळत असणार.

किशोरीताई आमोणकरांच्या भूप-बागेश्रीच्या रेकॉर्डने मात्र मशीनची परीक्षा घेतली. एका बाजूला भूप: आधी ‘प्रथम सूर साधे’, मग ‘सहेला रे’. पहिलं, संथ लयीतलं विलंबित ऐकताना सगळं छान, आणि ‘सहेला रे’ला ‘स’ जरा फाटल्यासारखा. रेकॉर्ड खराब असावी असं वाटेल, पण कारण भूमितीत आहे. तबकडी कायम एकाच गतीने फिरते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ पोचेपर्यंत तीच २१-२२ सेंटिमीटरवर येते. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीने कोरलेला. आपलं गाणं तर चढत जाणारं! द्रुत बंदीश, जलद ताना, तराणा हे सगळं नेमकं त्या चिंचोळ्या जागेत येतं. पाश्चात्त्य पॉपवाले शेवटी एखादं शांत गाणं ठेवून वेळ मारून नेऊ शकतात, ख्यालाला ती सोय नाही.

मशीनबरोबर आलेली सुई गोल टोकाची होती. तीच काढून लंबगोल टोकाची बसवली. सुई धरणारं कार्ट्रिज तेच, फक्त पुढचा तुकडा बदलायचा. ‘सहेला रे’ पूर्ण नाही, पण बरंच सावरलं. एवढ्या महिन्यांत या मशीनवर केलेल्या खर्चांपैकी हा एकच डोळे झाकून करा म्हणून सांगेन. बाकी महाग केबल वगैरे सोडून द्या.

मैफलींच्या रेकॉर्ड मी आता फोनवरच ऐकतो. तासाभराचा राग दोन बाजूंत कापला की गवय्याचा दम आपल्या हाताने तोडल्यासारखं होतं. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

नाशिककर म्हणून एक दुखणं वेगळं. गायक द. वि. पलुसकर इथले, १९२१ साली नाशिकलाच जन्मलेले. वडील विष्णु दिगंबरांनीही पुढच्या आयुष्यात नाशिकमध्ये आश्रम काढला होता. द. वि. गेले १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, आपल्याकडे एलपी रुळण्याच्या आधीच. त्यामुळे त्यांचं बरंचसं काम ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या तबकड्यांवर, तीन-साडेतीन मिनिटांचं. माझं मशीन ७८ वाजवतच नाही. वेग मिळाला तरी त्या खाचा रुंद असतात, त्यांना जाड सुई लागते. म्हणून त्यांची भजनं नंतर काढलेल्या संकलनाच्या एलपीवर ऐकतो. ‘ठुमक चलत रामचंद्र’ पंचवटीत बसून ऐकण्यात जे सुख आहे ते आहेच. पण एकापाठोपाठ एक तीन-तीन मिनिटांचे तुकडे लागले की कळतं, हे असं सलग ऐकण्यासाठी गायलेलं नव्हतं. एक ऐकावं आणि आर्म उचलावा. घरात जुन्या ७८च्या तबकड्या असतील तर तीन वेगांचं मशीन शोधा, माझ्यासारखं घेऊ नका.

आईचं मत वेगळं. तिच्या लेखी हे मशीन लताबाईंच्या ‘अभंग तुकयाचे’साठीच घेतलंय. श्रीनिवास खळ्यांच्या चाली इतक्या साध्या वाटतात, आणि गुणगुणायला गेलं की दुसऱ्या ओळीत फसायला होतं. एकादशीला ती रेकॉर्ड लागतेच. आर्म आपोआप जातो-येतो याचा खरा उपयोग तिलाच झाला, सुईची भीती गेली.

वेगाबद्दल. नवीन असताना मशीन किंचित जलद फिरत होतं. पेटीचा सूर लावून बघितला तेव्हा गाणं जरा चढं लागलं. मोटरखाली एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून आणि १८० रेघांची कागदी चकती जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली ठेवून जमवलं. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ला त्या रेघा स्थिर दिसतात. एलईडीखाली हा खेळ बहुतेक वेळा जमत नाही. त्याच सुमारास जाझवाल्या माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ घेतला. १९५९ मध्ये पहिल्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाला टेपचं यंत्र थोडं हळू चाललं, म्हणून ती तीनही गाणी रेकॉर्डवर वरच्या पट्टीत आली आणि १९९२ पर्यंत तशीच विकली गेली. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, तर माझ्या स्क्रूचं काय घेऊन बसलात.

आता पावसाळ्याबद्दल. आमचं घर गंगेपासून, म्हणजे गोदावरीपासून, लांब नाही. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं की लोक पूर बघायला निघतात, मी कव्हरं चाळायला बसतो. ओलीने दोन कव्हरं एकमेकांना चिकटली, काही तबकड्यांवर पांढरी बुरशी आली. आतली जुनी प्लास्टिकची पिशवी काढून साधी कागदी घातली, रेकॉर्ड उभ्या ठेवल्या, भिंतीपासून हातभर अंतर सोडलं. धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरतात, लेबल तेवढं कोरडं ठेवा. थंडीत उलटा त्रास: कोरड्या हवेत रेकॉर्ड पिशवीतून काढताना चटचट करते आणि खोलीतली सगळी धूळ ओढून घेते.

घूं आवाज येत असेल तर मशीनला शिव्या देण्याआधी प्लगचं अर्थिंग तपासा. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये ते नावालाच होतं, वायरमनने अर्ध्या तासात सोडवलं.

जुन्या रेकॉर्ड घेताना कव्हर बघून भाव ठरवू नका. एका विक्रेत्याने ‘एकदम नवी’ म्हणून दिलेली नाट्यगीतांची रेकॉर्ड चकचकीत होती, पण पूर्वीच्या कुणाच्या तरी जड पिनने खाच आतून खरवडलेली. ते धुऊन जात नाही. उजेडात तिरकी धरून बघा, जमलं तर वाजवून घ्या, आणि वाजवाल तेव्हा बाजूचा शेवट ऐका, सुरुवात नव्हे.