अकरावी केमिस्ट्रीचा रेकॉर्डेड कोर्स, अल्कली मेटल्सचा भाग: ५ पैकी ३ स्टार

भाचीसाठी घेतलाय, ती यंदा अकरावी सायन्सला आहे, आणि मी ट्यूशन घेते त्यामुळे ग्रुप १ चे, म्हणजे लिथियम, सोडियम, सिझियम वगैरे अल्कली मेटल्सचे व्हिडिओ तिच्या शेजारी बसून पाहिले. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

बॉर्न-हेबर सायकल, म्हणजे सोडियम आणि क्लोरीनपासून मीठ (सोडियम क्लोराइड) बनतानाचा एनर्जीचा टप्प्याटप्प्याने हिशोब, सरांनी खरंच मस्त घेतलीय, खर्च आणि जमा मांडून. सोडियमची वाफ करायला १०८ किलोज्यूल, त्यातून इलेक्ट्रॉन काढायला ४९६, क्लोरीनचा अर्धा मोल बॉन्ड तोडायला १२१, आणि क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतल्यावर परत येतात फक्त ३४९. म्हणजे मोलमागे ३७६ चा तोटाच! मग आयन जवळ येऊन क्रिस्टल बनतो तेव्हा ७८७ सुटतात आणि हिशोब −४११ वर जातो (वजा म्हणजे एनर्जी बाहेर पडली). सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायची भारी हौस वगैरे जे सगळीकडे ऐकवतात ते इथे नाहीये, त्याला फुल मार्क.

पण पुढच्या व्हिडिओत सगळी घाई. ग्रुपमध्ये खाली जाताना आयोनायझेशन एनर्जी (इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) कमी होते, म्हणून खालच्या मेटलचं कंपाउंड बनताना जास्त एनर्जी बाहेर पडते, झालं, चला पुढे. अहो चला पुढे काय? क्लोराइडला ते ढोबळमानाने बसतं, लिथियमचं −४०९ आणि सिझियमचं −४४३, पण फ्लोराइड घ्या, लिथियम −६१६ आणि सिझियम −५५४, सरळ उलटं! भाचीने लगेच विचारलं की असं का, आणि व्हिडिओत याचं उत्तरच नाही.

उत्तर त्याच सायकलमध्ये आहे खरं तर. वाफ करणं आणि इलेक्ट्रॉन काढणं मिळून लिथियमला साधारण ६८० लागतात, सिझियमला ४५५, म्हणजे खाली गेलं की सव्वादोनशेची बचत. पण मेटलचा आयन मोठा झाला की लॅटिस एनर्जीही (आयन जवळ येऊन क्रिस्टल बनताना सुटणारी) कमी होते, आणि फ्लोराइड आयन मुळात छोटा असल्याने तिथे अंतरात पडणारा फरक जास्त जाणवतो, लॅटिस एनर्जी जवळपास २९० ने घसरते आणि बचत खाऊन टाकते. आयोडाइड आयन आधीच एवढा मोठा की तिथे घसरण दीडशेच्या आसपासच, मग बचत जिंकते, −२७० वरून −३४७. पाच मिनिटांत फळ्यावर होतं हे, आणि सरांची शिकवायची हातोटी बघता त्यांना सहज जमलं असतं.

डाऊट सेक्शनमध्ये हेच विचारलं तर आयोनायझेशन एनर्जीची व्याख्या चिकटवून पाठवली 🤦‍♀️

बोर्डापुरतं हवं असेल तर घ्या, किमतीच्या मानाने वाईट नाही. सीईटीची तयारी असेल तर हा भाग कुणाकडून तरी वेगळा समजून घ्या. आणि हो, नोट्सच्या पीडीएफमध्ये टेबलातली वजा चिन्हं गायब आहेत, प्रिंट काढलीत तर आधी पेनाने घालून घ्या नाहीतर पोरं ३४९ जमेत धरण्याऐवजी खर्चात धरतील.