नगरमधलं स्कूटरचं गॅरेज, ४ स्टार (एक का कापला ते वाचा)

माझी जुनी ॲक्टिव्हा सकाळी चालूच व्हायची नाही, दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं कार्ब्युरेटर नवीन टाका, अडीच हजार जातील, म्हणून मित्राने या काकांकडे पाठवलं. काकांनी कार्ब्युरेटर खोलला, जेट साफ केलं, प्लग बदलला आणि म्हणाले झालं, तीनशे द्या. मी म्हटलं काका नवीन नको का टाकायला, तर म्हणे "गरजच नाही तर कशाला टाकू?" बदललेला जुना प्लग पण कागदात गुंडाळून हातात दिला.

भिंतीवर बायबलमधलं नीतिसूत्रे ११:१ लिहिलंय, तेच ते खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे वालं. वचनं काय बऱ्याच दुकानांत लटकलेली असतात ओ, पण इथे बिलात दिसतं. काम करताना नारायण वामन टिळकांची भजनं गुणगुणतात, मला वाटायचं टिळक म्हणजे लोकमान्यच, मग काकांनीच सांगितलं की हे कवी टिळक, १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि नगरलाच राहायचे. मला धर्माबद्दल एक शब्द बोलले नाहीत, मीच खोदून विचारलं तेव्हा एवढं सांगितलं.

हाताखालच्या पोरावर ओरडत नाहीत, पोराने बोल्ट आटा जाईपर्यंत पिळला तर नवीन बोल्ट स्वतःच्या खिशातून.

आता कापलेला स्टार. रविवारी बंद म्हणजे बंद, चर्च असतं, फोन पण उचलत नाहीत, मी पंक्चर गाडी दोन किलोमीटर ढकललीये. आणि संध्याकाळी देतो म्हटले की संध्याकाळीच, चारला जाऊन उभं राहू नका.